चाळीस जणांच्या ऑफिसात रॅक सर्व्हरचा फाइल शेअरिंगपलीकडे काय उपयोग?

फाइल शेअरिंग हे त्याचं सगळ्यात हलकं काम. खरा फायदा व्हर्च्युअलायझेशनचा, म्हणजे एकाच मशीनवर अनेक वेगळे आभासी कॉम्प्युटर चालवण्याचा. २यू उंचीच्या (यू हे रॅकमधल्या उंचीचं माप, १यू म्हणजे ४४.४५ मिमी) एका मशीनवर प्रॉक्समॉक्ससारखा हायपरवायझर (हे आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि कामं वेगळ्या व्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी कॉम्प्युटर) वाटा: एकात युजर लॉगिन आणि डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता शोधणारी सेवा), दुसऱ्यात फाइल्स, तिसऱ्यात अकाउंटिंगचा डेटाबेस. एकाचं अपडेट फसलं तरी बाकीचे चालू राहतात. अपडेटआधी स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची नोंद, जिच्यावर परत जाता येतं) घ्या, पण काम झालं की तो काढून टाका. तो फुगत जातो, आणि स्टोरेज भरलं की व्हीएम अडकतात.

सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंगही यावर घेता येतं, पण आधी हिशोब करा. १६ कॅमेरे, प्रत्येकी ४ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट; ८ बिटचा एक बाइट), म्हणजे एकूण सेकंदाला ८ एमबी (मेगाबाइट), दिवसाला सुमारे ६९१ जीबी, ३० दिवसांना जवळजवळ २१ टीबी. हे लिखाण अखंड चालतं, त्यामुळे त्याला स्वतंत्र डिस्क द्या. डेटाबेसच्या डिस्कवर ठेवलंत तर बिलं करणारे दिवसभर ताटकळतील.

व्हीएमसाठी चार एसएसडी रेड १० मध्ये लावा, म्हणजे डिस्क जोडीने एकमेकींची प्रत ठेवतात आणि एक गेली तरी काम चालतं. रेड कंट्रोलरला (या डिस्क सांभाळणारं कार्ड) कॅशची, म्हणजे डिस्कवर जाण्याआधी डेटा थांबतो त्या वेगवान मेमरीची, बॅटरी असते. ती मेली की कंट्रोलर बहुधा राइट-थ्रूवर जातो (कॅशवर न थांबता प्रत्येक गोष्ट डिस्कवर लिहून होईपर्यंत वाट बघतो), सगळं अचानक मंदावतं आणि लोक नेटवर्कला दोष देत बसतात. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे कळकळीने सांगतो: चुकून डिलीट केलेली फाइल सगळ्याच डिस्कवरून जाते, रॅन्समवेअरचंही (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) तेच. बॅकअप दुसऱ्या मशीनवर घ्या, एक प्रत ऑफिसबाहेर ठेवा आणि महिन्यातून एकदा एखादं फोल्डर रिस्टोअर करून, उघडून बघा.

रॅक घेताना त्याची खोली (पुढून मागेपर्यंतचं अंतर) मोजा. भिंतीवरचे नेटवर्क रॅक साधारण ४५० ते ६०० मिमी खोल असतात, सर्व्हर मात्र ७०० मिमीच्या आसपास, शिवाय मागे वायरींना जागा लागते. मशीन कोणाच्या टेबलाशेजारी नको, पंख्यांचा आवाज असह्य होतो. रिमोट मॅनेजमेंटचं (दुरून सर्व्हर चालू-बंद करायचं, सांभाळायचं) पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवू नका.

दोन पॉवर सप्लाय असले तरी दोन्ही वायरी एकाच यूपीएसमध्ये खोचल्या तर यूपीएस गेल्यावर दोन्ही जातात. वेगवेगळ्या यूपीएसवर घ्या आणि सगळे घरी गेल्यावर एक वायर उपटून बघा.