मोर्चे, संप, निवेदनं यांनी सरकार खरंच हलतं का?

तुम्ही विचारलंय की कामगार युनियन, शेतकरी संघटना, व्यापारी असोसिएशन हे सरकारचं धोरण नक्की कसं बदलायला लावतात, की नुसती घोषणाबाजीच असते. मी नाशिकचा, सातपूर एमआयडीसीत युनियनच्या कमिटीवर होतो काही वर्षं, त्यामुळे थोडंफार जवळून बघितलंय.

माझ्या मते सरकार नुसत्या गर्दीला घाबरत नाही, गर्दी कधी आणि कुठे येते त्याला घाबरतं. 2018 चा किसान सभेचा (डाव्या विचारांची शेतकरी संघटना) लाँग मार्च घ्या ना. 6 मार्चला आमच्या नाशिकच्या सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) चौकातून निघाला, साधारण 180 किलोमीटर चालून मुंबईत, आणि तेव्हा अधिवेशन चालू, म्हणजे मंत्री, आमदार, चॅनलवाले सगळे तिथेच. त्यात सकाळी दहावीचा पेपर होता म्हणून ही माणसं सोमय्या मैदानावरून रात्रीतूनच आझाद मैदानाकडे चालत गेली. झालं, एरवी मोर्चा म्हटलं की वैतागणारे मुंबईकरच पाणी अन् चपला घेऊन रस्त्यावर. 12 मार्चला लेखी आश्वासन मिळालं.

पण तरी 2019 आणि 2023 ला परत निघावं लागलंच की! कारण मंत्रालयात 'हो' म्हटलं तरी वनहक्काचा दावा (आदिवासी कसतात ती वनजमीन त्यांच्या नावावर करायचा अर्ज, मोर्चाची मोठी मागणी हीच) ग्रामसभा, मग उपविभाग, मग जिल्हा समिती असा फिरतो, आणि सुरगाणा-पेठसारख्या आदिवासी तालुक्यातल्या माणसाचा कागद तिथे कुठेतरी अडकतो. म्हणून ज्या संघटनेकडे तालुक्याला रोज हेलपाटे मारणारे कार्यकर्ते असतात तीच पदरात काहीतरी पाडून घेते, बाकीच्यांचे फोटो छापून येतात फक्त.

आता कांदा. ऑगस्ट 2023 ला केंद्राने 40 टक्के निर्यातशुल्क लावलं. सप्टेंबरमध्ये व्यापाऱ्यांनी लासलगाव, पिंपळगावसकट नाशिक जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव बंद ठेवले, पण शुल्क काही हटलं नाही, उलट डिसेंबरात निर्यातबंदीच आली. का, तर लिलाव बंद झाले की पहिला मरतो तो शेतकरी, दिल्लीचं काही अडत नाही. दिल्लीला दिसतो तो शहरातल्या गिऱ्हाइकाचा भाव. या गिऱ्हाइकाची ना युनियन ना झेंडा, तरी सगळ्यात तगडा प्रेशर ग्रुप तोच, असं मला वाटतं 😄 मग 2024 च्या लोकसभेला याच कांदापट्ट्यातल्या दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या उमेदवार पडल्या (कांदा हे एकच कारण नव्हतं, पण मोठं होतं), आणि विधानसभेच्या तोंडावर सप्टेंबरमध्ये शुल्क 20 टक्क्यांवर आलं, एप्रिल 2025 पासून शून्य. जे लिलाव बंद ठेवून झालं नाही ते मतपेटीने केलं.

कामगारांचं बघाल तर लोकांना संप दिसतो, पण तो शेवटचा डाव असतो. आधी गेट मीटिंग, मग काळ्या फिती, मग कलेक्टर ऑफिसला निवेदन, लेबर कमिशनरकडे बैठका, ओळखीच्या आमदाराकडून विधानसभेत प्रश्न, कोर्टात केस, आणि नियमांचा मसुदा निघाला की मुदतीत हरकती पाठवणं. हे शेवटचं काम फार कंटाळवाणं, कोणी करत नाही, पण मालकांच्या संघटना ते वकील लावून व्यवस्थित करतात, त्यांना रस्त्यावर यायची गरजच पडत नाही. चार लेबर कोडचं तेच. 29 जुने कामगार कायदे एकत्र करून 2019-20 मध्ये पास झाले, युनियन्सनी देशव्यापी संप केले, कोड लागू व्हायच्या आधीचा शेवटचा मोठा 9 जुलै 2025 ला, त्यात बीएमएस (भारतीय मजदूर संघ, संघ परिवारातली कामगार संघटना) नव्हतीच, आणि 21 नोव्हेंबर 2025 ला कोड लागू झाले. एवढी वर्षं रखडले त्यात युनियनचा विरोध होता तसे राज्यांचे नियम तयार नसणं हेही होतं, त्यामुळे सगळं श्रेय संपाला देणारे नेते भेटले तर जरा जपून ऐका.

तुमच्या संघटनेला काही मागायचं असेल तर आधी एवढं शोधा की तो निर्णय नक्की कोणाच्या सहीने होतो, ग्रामपंचायत, राज्य की केंद्र. कांद्याच्या निर्यातशुल्कासाठी पालकमंत्र्याच्या गाडीपुढे बसून काय होणार, ते त्याच्या हातातच नाही.