नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदराने जहाजदुरुस्तीसाठी तरत्या गोद्या का वापरल्या? मुंबईसारखी दगडी सुकी गोदी परवडली नाही म्हणून का?

नाही. (सुकी गोदी म्हणजे पाणी उपसून जहाज कोरडं करायचा किनाऱ्यातला खड्डा; तरती गोदी म्हणजे पाण्यावर तरंगणारा पोकळ टाक्यांचा तराफा, म्हणजे पाँटून, आणि त्याच्या दोन बाजूंना उभ्या पोकळ भिंती.) तरती गोदी म्हणजे गरिबाची सोय, हे मी जमिनीत गोद्या खोदणाऱ्या इंजिनिअरांकडून इतक्यांदा ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मुंबईला खडक आहे. उधाणाच्या भरती-ओहोटीत चार मीटरांहून जास्त फरक पडतो, म्हणजे बरंचसं पाणी ओहोटीच बाहेर काढते. जहाजबांधणी करणाऱ्या लवजी वाडियांची १७५० ची गोदी अशा किनाऱ्यावर उभी राहिली. रॉटरडॅमच्या जमिनीत पीट (कुजलेल्या वनस्पतींचा मऊ थर) आणि चिकणमाती, भक्कम वाळू लागते ती १५-२० मीटर खाली, आणि भरती-ओहोटीचा फरक दोन मीटरांच्या आतला. तिथे दहा मीटर खोल खड्डा कोरडा केला की तळाच्या प्रत्येक चौरस मीटरला भूजल खालून सुमारे दहा टनांनी ढकलतं. तळ पुरेसा जड नसेल किंवा खुंट्यांनी धरलेला नसेल तर तो उचलला जातो, भेगा पडतात आणि भेगांतून वाळू वाहू लागते. डचांना खोदकाम जमत नव्हतं असं नाही. व्लिसिंगनला इंग्रज इंजिनिअर जॉन पेरीची गोदी १७०५ च्या सुमारास झाली, आणि १८०० च्या आसपास हेलेवूटस्लाउसला डच इंजिनिअर यान ब्लांकनने वाफेच्या पंपाने उपसायची गोदी बांधली. पण ती नौदलाची कामं, सरकारी खजिन्यातून झालेली.

व्यापारी बंदरांनी पाण्याच्याच जोरावर जहाज उचललं. ॲमस्टरडॅममध्ये हे १६९० पासून चालू होतं. पाम्पसच्या उथळ पट्ट्यावरून जहाज न्यायला मेउवेस बाकरने जहाजाच्या दोन्ही बाजूंना बसणारे पोकळ लाकडी तराफे केले, त्यांना ते ‘उंट’ म्हणत. ते पाण्याने भरायचे, जहाजाखालून दोर घेऊन आवळायचे आणि पाणी उपसायचं, की जहाज वर येतं. तरत्या गोदीचं तत्त्व हेच. १८७२ ला रॉटरडॅमला समुद्राशी जोडणारा निउवे वाटरवेख आणि १८७६ ला ॲमस्टरडॅमचा नॉर्थ सी कालवा खुला झाला, मोठी लोखंडी जहाजं थेट येऊ लागली आणि गोद्यांची निकड झाली. ॲमस्टरडॅमची ड्राय डॉक कंपनी १८७७ ची. रॉटरडॅममध्ये नगरपालिकेनेच शार्लोइसजवळ तरत्या गोद्या ठेवल्या. त्या जागेचं नाव आजही डोकहावन, म्हणजे गोदी-बंदर. १९०२ मध्ये हाइप्लाटला रॉटरडॅम ड्राय डॉक कंपनी निघाली.

आता ‘कामचलाऊ’ म्हणणाऱ्यांनी जहाज चढवायला किती हिशेब लागतो तो बघावा. आधी जहाजाच्या नकाशावरून कीलचे (जहाजाच्या तळाच्या मधल्या कण्याचे) टेकू, म्हणजे ब्लॉक, मांडायचे. मग टाक्यांत पाणी घेऊन गोदी इतकी खाली न्यायची की कील आणि ब्लॉक यांत अर्धा मीटर तरी मोकळं राहील. जहाज विंचने आत ओढायचं, मध्यरेषेवर आणायचं, मग उपसा. जहाज मागे झुकलेलं असेल तर मागचं टोक आधी टेकतं. टेकलं की ब्लॉक कीलला वर रेटतात आणि जहाजाची स्थिरता घटत जाते. म्हणून झुकाव आधीच कमी करून घ्यायचा आणि बाजूचे ब्लॉक वेळेत लावायचे.

सर्वांत नाजूक क्षण त्यापुढचा. कील पाण्याबाहेर आलेली असते, पण पाँटूनचा डेक अजून पाण्याखाली असतो. तेव्हा सगळा डोलारा फक्त दोन बाजूंच्या भिंतींवर तरतो. इथे घाई केली, किंवा टाक्यांत अर्धवट पाणी मोकळं हिंदकळत ठेवलं, तर कल येतो. दुसरी चूक म्हणजे सगळ्या टाक्या सारख्या उपसणं. आखूड, जड जहाज मध्यावर असेल तर टोकं वर येतात आणि मधला भाग खचतो. टोकांच्या टाक्यांत पाणी राखून ठेवायचं आणि गोदीचा बाक दुर्बिणीने सतत मोजायचा.

रॉटरडॅमच्या मास नदीचा गाळ हा कायमचा वैरी. सहा मीटर ड्राफ्टच्या (पाण्याखाली सहा मीटर बुडणाऱ्या) जहाजाला ब्लॉक आणि पाँटूनची जाडी धरून गोदीखाली बारा मीटरांच्या आसपास खोली लागते. खड्डा वेळोवेळी मोजून उपसला नाही तर बुडवताना गोदीचं एक टोक गाळावर टेकतं.

दगडी गोदीची जागा चुकली की पैसे मातीत. तरती गोदी विकता येते, दुसऱ्या बंदरात नेता येते, आणि ओढून न्यायचं काम डचांनीच नावारूपाला आणलं. इंग्लंडच्या टाइन नदीवर बांधलेली ब्रिटिश नौदलाची ५०,००० टनी गोदी १९२८ साली डच टगांनीच (ओढणाऱ्या बोटींनी) सुएझमार्गे, दोन भागांत, सिंगापूरला नेली.

‘पण तरती गोदी बुडते!’ बुडते. रशियात मुर्मान्स्कजवळ ३० ऑक्टोबर २०१८ ला ‘ॲडमिरल कुझ्नेत्सोव्ह’ ही विमानवाहू नौका बाहेर काढताना वीज गेली, पंप थांबले, टाक्या भरत गेल्या आणि पीडी-५० ही तरती गोदी तळाला गेली. ही बांधणीच्या प्रकाराची चूक मी मानत नाही. व्हॉल्व्ह हाताने बंद होतात का आणि गोदीचा स्वतःचा जनरेटर चालू स्थितीत आहे का, हे पाणी घेण्याआधी तपासायचंच असतं.

एवढं मात्र कबूल करायला हवं: महाकाय तेलवाहू जहाजं आल्यावर रॉटरडॅमजवळ बोटलेक आणि स्किडामला जमिनीतल्या मोठ्या गोद्या झाल्याच; तोवर काँक्रीट आणि पायाभरणीचं तंत्र पुढे गेलं होतं. शिवाय तरत्या गोदीचं पोलाद गंजतं, आणि पाँटून सुटे नसतील तर रंगवायला तिलाच दुसऱ्या गोदीत न्यावं लागतं. डोकहावनच्या जागी १९८७ पासून जमिनीखालचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प आहे, त्यामुळे तिथे गोद्या शोधू नका. यान ब्लांकनची गोदी मात्र हेलेवूटस्लाउसला अजून बघता येते.