पहिल्यांदाच स्कीइंग करायचं आहे, फेब्रुवारीत वाल तोराँसला जावं का?

तुम्ही दोघं आणि नऊ वर्षांची मुलगी, राहता नेदरलँड्सला, तिघांपैकी कुणीच आजवर स्की पायाला लावलेली नाही. फेब्रुवारीच्या शाळेच्या सुट्टीत फ्रान्समधल्या वाल तोराँसला आठवडाभर जावं का आणि शेजारच्या मेरिबेल आणि कुरशव्हेलसकट तिन्ही खोऱ्यांतल्या लिफ्टचा मोठा पास घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. जागा चांगली निवडलीत, पण महिना बदला. आणि मोठा पास नकोच.

वाल तोराँस 2300 मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी साडेसहाशे मीटर. लिफ्टने त्याच्याही वर, तीन हजार मीटरच्या पुढे जाता येतं. या उंचीमुळे तिथला हंगाम साधारण नोव्हेंबरअखेर सुरू होतो आणि मेच्या सुरुवातीपर्यंत चालतो. फेब्रुवारीत बहुधा खालच्या गावांतही बर्फ असतो, मग उंचीचे जादा पैसे तेव्हा कशाला मोजायचे? शिवाय फ्रान्समधल्या शाळांच्या हिवाळी सुट्ट्या तीन विभागांत पाळीपाळीने असतात, त्यामुळे जवळजवळ सगळा फेब्रुवारी भरलेला. घरं बहुतेक शनिवार ते शनिवार मिळतात. मुटिए गावापासून वर जाणारा घाटरस्ता त्या दिवशी कसा असेल, याची कल्पना करा.

जानेवारी किंवा मार्च सुचवला असता, पण नऊ वर्षांच्या मुलीची शाळा तिकडे बुडवता येत नाही. राहिली ती एप्रिलअखेरची, मेच्या तोंडावरची सुट्टी. तेव्हा खालची बहुतेक ठिकाणं मिटलेली असतात आणि वाल तोराँस चालू असतं. त्या वर्षी लिफ्ट कधी बंद होणार ती तारीख मात्र आधी पाहा, मगच घर घ्या. मेरिबेल-कुरशव्हेलकडे नेणाऱ्या लिफ्ट त्या सुमारास बंद होऊ लागतात, म्हणून तिन्ही खोऱ्यांतल्या सहाशे किलोमीटर उतारांच्या पासात तेव्हा तसाही अर्थ उरत नाही. नवशिक्याला सहा दिवसांत पाच-सात उतार पुष्कळ झाले. पहिले एक-दोन दिवस तर शिकाऊंच्या मैदानातच, सरकत्या पट्ट्यावर जातात. तेव्हा कोणता पास लागेल ते स्की-शाळेलाच विचारा.

शिकवणी तिघांनीही घ्या, आणि सकाळची. वसंतात रात्री बर्फ गोठतो, पहाटे काचेसारखा कडक असतो, दहा-अकराला मऊ पडतो आणि दुपारी दोननंतर त्याचा लगदा होतो. लगद्यात स्की रुतते आणि गुडघे पिरगळतात. दुपारी मुलीला घसरगाडी द्या आणि तुम्ही खुर्चीत बसा, पण गॉगल आणि सनस्क्रीन लावून. हनुवटीच्या खालीही लावा, बर्फावरून ऊन उलटं येतं. पहिल्या दिवशी डोकं जड वाटेल, पाणी पीत राहा, वाईन दुसऱ्या दिवसापासून.

या उंचीचा एक तोटा कुणी सांगत नाही: तिथे झाडंच नाहीत, त्यामुळे ढगात नजरेला आधार उरत नाही. माझ्या दुसऱ्या खेपेला ढग खाली उतरले आणि आकाश, जमीन, सगळं एकसारखं पांढरं झालं. मला वाटलं मी थांबलेय. तेवढ्यात शेजारचा खांब मागे सरकला, तेव्हा कळलं की मी हळूहळू घसरतेय. चक्क मळमळलं. फ्रान्समध्ये उताराच्या कडेला खुणेचे खांब असतात; उतरताना उजव्या हाताच्या खांबांची टोकं नारिंगी असतात आणि खांबांवरचे आकडे खाली जाताना कमी होत जातात. त्या दिवशी मी ते आकडे मोजत उतरले. तुम्ही असल्या दिवशी वर जाऊच नका.

बूट, स्की, हेल्मेट भाड्याने घ्या. बूट चावतोय असं वाटलं तर दोन मोजे घालू नका, एकच पातळ मोजा घाला आणि दुकानात जाऊन बूट बदलून आणा. लाजू नका, सगळेच बदलतात. पासासोबत दिवसाच्या हिशोबाने मिळणारा विमा घ्या, कारण उतारावरून जखमीला खाली आणण्याचे पैसे तिथे लागतात. गाडीने हजार किलोमीटरच्या पुढे जायचंय. सामान उतरवून गाडी गावच्या पार्किंगमध्ये ठेवावी लागते, तेव्हा जागा आधीच राखून ठेवा. बर्फासाठी चाकांच्या साखळ्या किंवा हिवाळी टायर यांची कायद्याची सक्ती 31 मार्चला संपते, तरी साखळ्या डिकीत असू द्या.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी असाल तर तार्तिफ्लेतपासून सावध, बटाटा आणि चीजमध्ये डुकराचे तुकडे असतात. फोंद्यू, राक्लेत हे वितळलेल्या चीजचे प्रकार चालतील, पण रोज चीज झेपत नाही. किराणा मुटिएलाच भरा, वर महाग. आणि कुकर न्या. त्या उंचीवर पाणी 92 अंशांच्या आसपासच उकळतं. आमची तुरीची डाळ पातेल्यात दीड तास रटरटत होती तरी दाणा न् दाणा वेगळा. पुढच्या वेळी मी हौसेने घरचा ॲल्युमिनियमचा कुकर नेला, तर तिथली शेगडी इंडक्शनची. स्टीलचा न्या.