कर्नलमधील ट्रेसिंगचे बदल तपासताना प्रथम काय पाहावे?

बेळगावात अभियांत्रिकी शिकणाऱ्या आपल्या गटाला लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) ट्रेसपॉइंटमधील, म्हणजे चालू कर्नलमधील घटनांची नोंद घेणाऱ्या कोडमधील ठरावीक जागांमधील, बदल तपासायचे आहेत, तर नोंद लिहिण्याची वेळ आणि ती वाचण्याची वेळ वेगळी असते, हे प्रथम ध्यानात ठेवावे. रिंग बफरमध्ये (नोंदी तात्पुरत्या साठवणाऱ्या चक्राकार मेमरीत) मजकुराऐवजी केवळ पॉइंटर, म्हणजे मजकुराचा मेमरीतला पत्ता, साठवला, तर छपाईच्या वेळेपर्यंत त्यामागची मेमरी मुक्त झालेली असू शकते. म्हणून मजकूर नोंद होतानाच बफरमध्ये उतरवून घेतला आहे ना, हे ओळ न् ओळ पाहावे. माझ्या मते हीच चूक सर्वांत घातक आहे, कारण साध्या चाचणीत ती सहसा दिसत नाही. ट्रेसिंग बंद असतानाही महागडी गणना होते का, तेही पाहावे. नोंदीतील फील्डांची (रकान्यांची) नावे बदलणाऱ्या पॅचला (कोडमधील प्रस्तावित बदलाला) सहज होकार देऊ नये, कारण बाहेरची साधने त्यांवर विसंबतात. चाचणीसाठी केसॅन (मुक्त झालेल्या मेमरीचा वापर यांसारख्या चुका पकडणारी कर्नलची सोय) सुरू केलेले कर्नल क्यूईएमयूमध्ये (संगणकातच आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालवावे. त्याला खानापूर-निपाणीच्या घरातला साधा लॅपटॉपही पुरतो.