बाळ वीस दिवसांचं, घरात वीस पाहुणे, दिवाळी कशी मॅनेज करू?

प्रश्न वाचला आणि गॅस बंद करून लिहायला बसले. तुम्ही म्हणताय बाळंतपणाची तारीख दिवाळीच्या तीनेक आठवडे आधीची आहे, सासरी सगळे एकत्र जमतात, कोणाला न दुखवता कसं निभावू, आणि फराळ खाल्लेला चालतो का. फराळ चालतो, पोटाला झेपेल तेवढा खा, चिवडा-चकलीने दूध आटत नाही. पहिल्या प्रश्नाचं मात्र खरं सांगू का, कोणाला न दुखवता हे जमत नाही, मी जमवायला गेले होते.

माझी मुलगी २०२२ च्या दसऱ्याची, ५ ऑक्टोबर, सिझर. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं, पण माहेर पिंपळगाव बसवंतचं, द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तोंडावर, त्यात परतीचा पाऊस हटेना, पप्पा दिवसरात्र बागेत आणि घरात मजुरांचा राबता. म्हणून आईच नाशकात इंदिरानगरला आमच्याकडे आली. टू बीएचके. त्यात दिवाळीला सासू-सासरे, दीर, जाऊ (तिला पाचवा महिना), नवऱ्याच्या आत्या, त्यांची दोन मुलं, सुना, नातवंडं. चपला ठेवायला जागा नव्हती, लिफ्टपर्यंत रांग गेलेली.

त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी होतं, २४ तारखेला. पहाटे साडेचारला आत्या दारात उभ्या, बाळाची पहिली दिवाळी आहे, उटणं लावून अंघोळ घालायची. माझी आई एरवी व्याह्यांच्या घरी तोंड उघडत नाही, पण तेव्हा म्हणाली, अहो पोरीची कातडी अजून सुटतीये, तिला काय उटणं चोळता. तिथूनच बिनसलं.

आत्यांना सर्दी होती. चांगली वाहती सर्दी, आवाज बसलेला. मी नवऱ्याला दोनदा सांगितलं, त्यांना सांग ना बाळाजवळ नको. तो म्हणाला, एक दिवसाचा प्रश्न आहे, त्यांनी मला लहानपणी सांभाळलंय, मी कसं सांगू. मग मीच हसत हसत म्हटलं, आत्या, जरा सर्दीचं बघा हं. त्या म्हणाल्या, हो गं, रुमाल बांधते की. आणि खरंच बांधला, निळ्या चौकटीचा. पूजा झाल्यावर बाळाला घेतलं, रुमाल हनुवटीवर ओढला, दोन्ही गालांची मटामटा पापी घेतली आणि रुमाल परत वर! सगळे हसले, मी पण हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो, आत्यांपेक्षा माझाच जास्त.

रात्री फटाके. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच दिवाळीला रात्री आठ ते दहा एवढीच वेळ दिली होती, आमच्या कॉलनीत साडेबाराला पण लडी चालू. मी आतल्या खोलीत खिडकी लावून, दाराच्या फटीला ओला टॉवेल कोंबून बसले होते. हे तुम्ही पण करा, रस्त्याकडची खोली घेऊच नका, आणि बाळंतिणीच्या खोलीत ओव्या-वावडिंगाची धुरी करतात ती पण नको, धूर तो धूरच.

दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण, बरोबर दिवाळीत! २५ ऑक्टोबर, लागलं संध्याकाळी पाचच्या आसपास, पण आत्यांचे वेध पहाटेपासून. जावेने सुरीला हात लावायचा नाही, सेफ्टी पिन काढून ठेवायची, झोपायचं नाही. मी जेवायचं नाही, कारण माझं दूध बाळाच्या पोटात जातं. टाके ओले, दर दोन तासाला अंगावर पाजतेय आणि म्हणे जेवायचं नाही! घरात कुणी काही बोललं नाही, सासूबाई पण गप्प. माझ्या आईने फक्त बाळाच्या लंगोटांच्या पिशवीत तळाला एक स्टीलचा डबा सरकवला, त्यात शंकरपाळे आणि दोन डिंकाचे लाडू. मी आणि जाऊबाई पडदा लावून बसलो आणि तो डबा संपवला. शंकरपाळ्याचा आवाज होतो म्हणून आधी तोंडात भिजवत होतो. तिने तर केळं पण सुरीने कापून खाल्लं, मुद्दाम. तिचा मुलगा फेब्रुवारीत झाला, ओठबिठ सगळं जागेवर आहे.

त्यानंतर पाचव्या दिवशी बाळाचं नाक वाहायला लागलं. सहाव्या दिवशी रात्री दूध ओढेना, दोन घोट की सोडून द्यायची, श्वास भरभर, बरगड्यांखाली खड्डा पडत होता. ताप १००.८. रात्री दोनला हॉस्पिटल गाठलं, पाच दिवस ऑक्सिजनवर होती. ब्रॉन्किओलायटिस म्हणाले. मोठ्या माणसाला जी नुसती सर्दी होते तोच व्हायरस एवढ्या लहान बाळाच्या श्वासनळ्यांत गेला की त्या सुजतात, आणि मुळातच त्या इतक्या बारीक की सूज आली की हवा जायला जागाच राहत नाही. डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणाला सर्दी होती का? मी नवऱ्याकडे बघितलं, तो फाइलचं रबर काढत-लावत बसला.

डिस्चार्ज झाला आणि आत्यांचा फोन. लंगोटांच्या पिशवीतला डबा त्यांच्या सुनेने बघितला होता. ग्रहणात खाल्लं ना, म्हणून पोरीला भोगावं लागलं. म्हणजे पापीने नाही, शंकरपाळ्याने! आजपण लग्नाकार्यात हा विषय निघतो आणि निम्मं घर त्यांच्या बाजूने असतं. त्यांना कोणीतरी सांगा की तोच डबा जावेने पण खाल्ला होता.

तर ताई, पाहुण्यांना काय सांगायचं ते तुम्ही सांगूच नका. त्याच्या माणसांना त्याने सांगायचं, तुमच्या माणसांना तुम्ही. आणि आत्ताच, पोट दिसतंय तोवर, मांडीवर बाळ आल्यावर कोणी ऐकत नाही. सर्दी-खोकलावाल्याने खोलीतच यायचं नाही, बाकीच्यांनी साबणाने हात धुवून यायचं, पापी कोणीच नाही, आजीने पण नाही. कोणी मध चाटवायला आलं तर सरळ बोट धरा, वर्षापर्यंत मध नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, लगेच निघायचं, त्या दिवशी भाऊबीज असली तरी. श्वास भरभर, दूध सोडलं, शू कमी झाली, तर तापाची पण वाट बघू नका. फराळ बाहेरून आणा, नाशकात चिवड्याला काय तोटा आहे.

एक मात्र कबूल करते. आत्यांचीच सर्दी लागली याचा पुरावा माझ्याकडे नाही. त्या आठवड्यात माझा सख्खा भाऊ पण शिंकत आला होता, द्राक्षावरच्या फवारणीची ॲलर्जी आहे म्हणाला आणि मी ते चालवून घेतलं. हे सासरी अजून कोणाला माहीत नाही. आणि सगळ्याच बाळांचं असं होत नाही, जावेचा मुलगा गर्दीतच वाढला, त्याला काही झालं नाही, तेव्हा घाबरून दार लावून बसा असं मी म्हणत नाहीये.

आत्या आता घरी आल्या की आधी बेसिनपाशी जातात आणि मला हॉलमध्ये ऐकू येईल इतका मोठा नळ सोडतात.

थर्मामीटर आधीच आणून ठेवा, डिजिटल. आमच्या गल्लीतलं मेडिकल पाडव्याला दुपारीच बंद झालं होतं.