अमेरिकेत कामगार-सुरक्षेचे कायदे एका आगीमुळे झाले, हे खरं आहे का?

न्यूयॉर्क राज्यापुरतं बोलायचं तर बऱ्याच अंशी खरं. २५ मार्च १९११, शनिवार, काम सुटायची वेळ. न्यूयॉर्क शहरातल्या ट्रँगल शर्टवेस्ट या बायकांचे शर्ट शिवणाऱ्या कंपनीत आठव्या मजल्यावर कापडाच्या कातरणांनी पेट घेतला. नवव्या मजल्यावरच्या मुली जिन्याकडे धावल्या, तर एका बाजूचं दार कुलूपबंद! बाहेर जाताना प्रत्येकीची पिशवी तपासता यावी म्हणून सगळ्यांनी एकाच दाराने जायचं, अशी मालकांची रीत. अग्निशमन दलाची शिडी जेमतेम सहाव्या मजल्यापर्यंत पोचली. १४६ जण गेले, बहुतेक ज्यू आणि इटालियन स्थलांतरितांच्या तरुण पोरी.

मालक खटल्यातून निर्दोष सुटले, ते वेगळंच. पण राज्याने चौकशी आयोग नेमला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तीसहून जास्त कायदे झाले: आगीचा सराव, बाहेर उघडणारी दारं, स्त्रियांसाठी आठवड्याला ५४ तासांची मर्यादा.

अर्थात जमीन आधीच नांगरलेली होती. याच धंद्यातल्या हजारो मुलींनी १९०९ मध्ये संप केला होता. आग रस्त्यावरून पाहणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्सही होत्या. १९३३ मध्ये त्या देशाच्या कामगारमंत्री झाल्या.