नवीन लोकांनी कमी पैशात काढलेला मराठी पिक्चर पूर्ण फॅमिली घेऊन थिएटरला पाहावा का, की मोबाईलवर येईपर्यंत थांबावं?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण अगदी हेच मला माझ्या नणदेने विचारलं होतं, आणि पिक्चर तिच्याच पोराचा होता. तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघं, दोन पोट्टे आणि आई असे पाच जण महिन्यातून एकदा पिक्चरला जाता, तिकिटं आणि पॉपकॉर्न धरून दोन हजाराचा चुना लागतो, मग ज्यांचं नावही ऐकलं नाही अशा लोकांच्या पिक्चरवर तेवढे काहून घालवायचे. आणि असे पिक्चर दोन दिवसात उतरतात कसे हेही विचारलंय. मी काही फिल्मवाली नाही, बँकेत होते, व्हीआरएस घेऊन आता घरी आहे. पण भाच्याच्या पिक्चरचं बावीस दिवस शूटिंग नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात झालं, तीस माणसांचा चहा मी पाहिला, त्यामुळे जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगते.

उत्तर पाहिजे असेल तर, जा. पण पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारातच जा, आणि जायच्या आधी त्याचा ट्रेलर कानात हेडफोन घालून ऐका. पाहायचा नंतर, आधी ऐकायचा.

ऐकायचा याच्यासाठी की चित्र आता कोणीही चांगलं काढतो. कॅमेरा भाड्याने मिळतो, लेन्स मिळते, खिडकीतून ऊन आलं की फ्रेम छान दिसते. पैसा कमी पडला हे कळतं ते आवाजात. कोणी घरात बोलून राहिला आणि वाटतंय की बाथरूममधून बोलतोय, किंवा ओठ आधी हलले आणि शब्द मागून आले, तर समजायचं की या लोकांनी घाई केली, आणि मग मी तरी पाच तिकिटं काढत नाही. कमी बजेट आहे म्हणून सांभाळून घ्या असं म्हणतात ना, ते मला पटत नाही. प्रेक्षकाचं तिकीट काही कमी बजेटचं नसतं.

आमच्या घरी आवाजासाठी जे हाल झाले ते ऐका. शूटिंग ठेवलं मे महिन्यात. नागपूरचा मे! मी म्हटलं, अरे बाप्पा, वेड लागलं का तुला, पंचेचाळीसच्या वर पारा जाते, डिसेंबरात कर. तर म्हणे मामी, कलाकार झाडीपट्टीचे घेतलेत, ते होळीच्या आधी मोकळे नसतात. ते खरंच आहे. झाडीपट्टी म्हणजे आपला गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडचा पट्टा, वडसा हे त्याचं मुख्य ठाणं, दिवाळीपासून होळीपर्यंत तिकडे रात्रभर नाटकं चालतात आणि गावच्या गाव बायकापोरांसकट चादरी-स्वेटर घेऊन, तिकीट काढून बसते. तिकडच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे पुण्या-मुंबईकडच्या बऱ्याच लोकांनी झाडीपट्टी हा शब्द ऐकला. असो. तर हे कलाकार कसलेले, पण सवय उघड्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत आवाज न्यायची, आणि इथे बूमचा, म्हणजे लांब दांडीला लावलेला, माइक डोक्यावर हातभर अंतरावर. पहिल्या दिवशी त्यातल्या काकांनी "सूनबाई, पाणी आण" म्हटलं तर साउंडवाल्या पोराने कानातले हेडफोन काढून फेकले.

आता सिंक साउंड म्हणजे जे बोलले ते तिथेच रेकॉर्ड, नंतर स्टुडिओत डबिंग नाही. डबिंगला पैसे नव्हते आणि भाच्याला ते आवडतही नव्हतं. म्हणून टेक सुरू झाला की पंखा बंद, कूलर बंद, शेजाऱ्यांच्या हातापाया पडून त्यांचाही कूलर बंद, आणि माझा फ्रीज बंद. फ्रीज पुन्हा चालू करायला विसरतील म्हणून मी कटकट केली, तर त्या साउंडवाल्या पोराने स्वतःच्या गाडीची किल्ली माझ्या फ्रीजमध्ये, दुधाच्या पातेल्याच्या बाजूला ठेवून दिली. म्हणे काकू, घरी जाताना किल्ली घ्यायला फ्रीज उघडीन, तेव्हा चालू करायचं आठवेलच. बावीस दिवस रोज ती थंडगार किल्ली घेऊन तो घरी जायचा, एकदाही दूध नासलं नाही. मला तर त्या युनिटमध्ये तोच एक अक्कलवान वाटला. प्रत्येक सीन झाला की तो एक मिनिट सगळ्यांना गप्प उभं करायचा, खोलीचा रिकामा आवाज रेकॉर्ड करायला, त्याला रूम टोन म्हणतात. तीस माणसं घामाने निथळत पुतळ्यासारखी उभी, सासूबाई सोफ्यावर डोळे मिटून, आणि नेमकी तेव्हाच कचऱ्याची गाडी गाणं लावून गल्लीत यायची. पुन्हा एक मिनिट.

दुसरी गोष्ट बैलाची. गोष्टीत पोळा होता, आणि मेमध्ये कुठला आला पोळा, पण तो प्रश्न नंतरचा. खरा बैल दाखवायचा तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी आधीच घ्यावी लागते, नाही तर सेन्सॉरला अडतं. कागद, फी, डॉक्टरचं सर्टिफिकेट, आणि थांबायला वेळ नाही. दोन दिवस सगळे तोंड पाडून बसले. मग कोणीतरी म्हटलं (मी म्हणते मीच, भाचा म्हणतो तो) की मोठा पोळा ठेवायचाच नाही, तान्हा पोळा करू. बाहेरगावच्या लोकांसाठी सांगते, आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं चाकांवरचा लाकडी नंदी सजवून दोरीने ओढत घरोघर नेतात आणि बोजारा मागतात, म्हणजे पैसे किंवा खाऊ. इतवारीतल्या एका ओळखीच्या घरून पिढीजात सागवानी नंदी आणला, कमरेएवढा, काचेचे डोळे. लाकडाच्या बैलाला कोणती परवानगी लागते! आणि झालं काय, गोष्टच बदलली. आधी ती कर्जबाजारी शेतकऱ्याची होती, तशा दहा झाल्यात. आता ती एका पोराची झाली, ज्याच्या बापाने खरा बैल विकलाय आणि तो लाकडी बैल घेऊन त्याच सावकाराच्या दारात बोजारा मागायला जातो. पूर्ण पिक्चरमध्ये हाच सीन लोकांच्या लक्षात राहिला. पैसे असते तर खरा बैल आणला असता आणि हा सीन झालाच नसता. नंदीचं एक शिंग मात्र टवकलं, त्याची भरपाई माझ्या खिशातून गेली.

आता दोन दिवसात उतरतो कसा ते. तिकीट समजा १८० रुपयांचं. शंभराच्या वरच्या तिकिटावर जीएसटी १८ टक्के, म्हणजे साडेसत्तावीस तिथेच गेले. उरले दीडशेच्या थोडे वर, त्यातले साधारण अर्धे पहिल्या आठवड्यात थिएटरचे. उरलेल्या ७६ मधून डिस्ट्रीब्यूटर त्याचं कमिशन घेते, मग पिक्चरवाल्याच्या हातात साठ-बासष्ट पडले तर पडले. आमच्या भाच्याचा खर्च ३१ लाख झाला होता, त्यात नणदेच्या मिस्टरांचा पीएफ आणि बेसाकडचा एक प्लॉट गेला. ते नुसते वसूल व्हायला पन्नास हजार तिकिटं पाहिजेत, पोस्टरचा आणि प्रत्येक स्क्रीनच्या डिजिटल प्रिंटचा खर्च वेगळाच. सरकारचं अनुदान असतं, पण ते पिक्चर बनून, सेन्सॉर होऊन, कमिटीने पाहून दर्जा दिला की मग, खर्च करताना नाही. महाराष्ट्रभर आमची सहा हजार तिकिटं पण गेली नाहीत.

आणि शो कोणते मिळाले? नागपुरात तीन. एक सकाळी पावणेदहाचा, एक रात्री दहा पन्नासचा, आणि एक शहराच्या पार दुसऱ्या टोकाला दुपारचा. सकाळी पावणेदहाला कोणती फॅमिली पिक्चरला जाते हो? त्या वेळेला शनिवारी माणूस तर्री पोह्याच्या गाडीवर असते. ओळखीपाळखीचे सगळे म्हणाले, पुढच्या आठवड्यात आरामात पाहू. थिएटरवाल्याचंही चुकत नाही, तो शुक्रवार-शनिवारी किती सीटा भरल्या ते पाहून सोमवारचे शो लावते. रविवारी रात्रीच्या शोला चार माणसं आली म्हणून तो रद्द केला, त्या चारात आमचे शेजारी होते, पैसे परत मिळाले आणि ते आइसक्रीम खाऊन घरी आले. सोमवारी पिक्चर नाही. मंगळवारपासून लोकांचे फोन, कुठे लागलाय म्हणून. म्हणून म्हणते पहिले तीन दिवस. तुमची पाच तिकिटं मोठ्या हिंदी पिक्चरला कळत पण नाहीत, इथे पाच तिकिटांवर शो टिकते.

आणि मोबाईलवर येईल म्हणता, तर येईलच असं नाही. भाच्याचा अजून आला नाही. ज्या पिक्चरला थिएटरात कोणी आलं नाही तो घ्यायला मोबाईलवर पिक्चर दाखवणारे ॲपवालेही नाखूष असतात.

आमच्या लहानपणी असं निवडून वगैरे कोणी जात नव्हतं, ते पण सांगते. पंचशील, जानकी, लिबर्टी, स्मृती, जिथे जो लागला तो. बाबांच्या स्कूटरवर चार जण आणि उरलेले रिक्षाने, आई डब्यात सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, घ्यायची आणि इंटरवलला पूर्ण रांगेत वाटायची, ओळख असो नसो. १९९१ मध्ये माहेरची साडी लागला तेव्हा आई मोहल्ल्यातल्या बायकांना घेऊन तीनदा गेली, रडायला. घर सोडून गार हवेत बसायला मिळणं हाच अर्धा पिक्चर होता. आता गार हवा घरीच आहे आणि पिक्चरही हातात, म्हणून बाहेर पडायचं तर मोठंच काहीतरी पाहिजे असं वाटतं. त्यात तुमची चूक नाही.

पण फॅमिली घरातून निघते कशाला? मला वाटतं आपलं काहीतरी त्यात असलं की निघते. १९७६ च्या मंथनचं पाहा, गुजरातच्या पाच लाख दूधवाल्या शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये देऊन तो पिक्चर काढला, आणि लागला तेव्हा तेच लोक ट्रक भरभरून पाहायला आले. आपल्याकडे २०२२ मध्ये झुंड आला, तो काही गरीब पिक्चर नव्हता, पण इथेच शूट झाला आणि इथलीच पोरं त्यात. आमच्या घरून अकरा जण गेले आणि निम्मा वेळ हा कोणता चौक, ती कोणती भिंत यातच गेला. एरवी पिक्चरमध्ये "काहून बे" म्हणणारा माणूस हसवायलाच ठेवलेला असते. तिथे तो रडला पण, आणि कोणी हसलं नाही.

भाच्याच्या पिक्चरला आम्ही शुक्रवारी पावणेदहाचाच शो धरला, सासूबाईंना घेऊन, वय ८१. स्क्रीनवर स्वयंपाकघर आलं आणि त्या अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अगं, हा माझा डबा!" मागे बसलेली अनोळखी माणसं खूप हसली. मग दहा मिनिटांनी पुन्हा, "झाकण कुठं गेलं?" झाकण खरंच नव्हतं. तो डबा दोन वेगवेगळ्या दिवशी शूट झाला होता आणि कंटिन्युटीवाल्या पोरीच्या नजरेतून सुटलं. बावीस दिवसात दिग्दर्शकाला, एडिटरला, कोणालाच जे दिसलं नाही ते म्हातारीने एका मिनिटात पकडलं. भाचा अंधारात कपाळाला हात लावून बसला होता.

तुमच्या पोरांचं विचारलंत तर सर्टिफिकेट पाहा. आता नुसतं यूए नसतं, ७+, १३+, १६+ असं लिहिलेलं असतं, बुकिंग करतानाच दिसते. लहान पोट्टा आठच्या आतला असेल तर गाव आणि लहान पोरगं पोस्टरवर आहे म्हणून मुलांचा पिक्चर समजू नका, असल्या पोस्टरमागे बऱ्याचदा फार जड गोष्ट असते, आमच्या शेजारणीची पोरगी एकदा अशीच रात्रभर झोपली नाही. आणि आई अडीच तास बसतील का, ही काळजी नको, हे पिक्चर पावणेदोन-दोन तासाच्या वर सहसा जात नाहीत, लांब काढायला पैसेच नसतात. दुपारचा शो मिळाला तर तोच घ्या, पॉपकॉर्न नका घेऊ, येताना पोहे खा. आणि आईंसाठी शाल नक्की ठेवा, बाहेर मे असला तरी. त्या सकाळच्या शोला आत माणसं कमी असतात आणि एसी मात्र पूर्ण थिएटरचा चालू असते.